रिट्रॅक्ट, हवेवर चालणारे : मॉडेल विमानांतील जुळणी

उड्डाणानंतर मॉडेल विमानाची चाके पंखात किंवा धडात ओढून घेणारी आणि उतरण्यापूर्वी बाहेर काढणारी, दाबाखालच्या हवेवर चालणारी यंत्रणा. चाकाच्या प्रत्येक पायाला एक छोटा सिलिंडर, हवेची टाकी, सर्व्होने (रेडिओच्या इशाऱ्यावर हलणाऱ्या छोट्या मोटरीने) हलणारा व्हॉल्व्ह, दोन रंगांच्या नळ्या आणि हवा भरण्याचा एकमार्गी निपल, एवढाच तिचा संसार. मोठ्या वॉरबर्ड (जुनी लढाऊ विमाने) व जेट मॉडेलांत ती विशेष आढळते.

मागे घेता येणारी चाके पूर्णाकृती विमानात प्रथम कोणी बसवली, याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक 1911 च्या सुमारास जर्मनीत ऑयगेन व्हीन्त्सिअर्स यांनी केलेल्या एकपंखी विमानाकडे बोट दाखवतात. अमेरिकी लेखनात हा मान अनेकदा मार्टिन कंपनीच्या ‘किटन’ला (सु. 1918) दिला जातो. तथापि 1920 च्या गॉर्डन बेनेट शर्यतीत प्रत्यक्ष उतरलेले डेटन-राइट आरबी-1 हेच अधिक भक्कम उदाहरण मानणे योग्य ठरेल. त्याची चाके वैमानिक हाताने दांडा फिरवून धडाच्या बाजूंत ओढून घेई. शर्यत त्याला पूर्ण करता आली नाही, पण त्यात दोष चाकांचा नव्हता. हवेचा वापर पुढे सोव्हिएत याकोव्हलेव्ह विमानांत चांगला रुजला. याक-52 मध्ये चाके, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची खाली वळणारी पट्टी), ब्रेक आणि इंजिन सुरू करणे ही सर्व कामे हवेवर होतात. उलट स्पिटफायरचे फ्लॅप व ब्रेक हवेवर, पण चाके तेलाच्या दाबावर चालत. तेव्हा स्पिटफायरच्या मॉडेलात हवेचे रिट्रॅक्ट बसवणारा मूळ विमानाशी तंतोतंत राहतो असे म्हणता येणार नाही. मॉडेलांत या पद्धतीचा प्रसार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, रोबार्ट, स्प्रिंग एअर इ. अमेरिकी उत्पादकांच्या संचांमुळे झाला.

सर्वसाधारण दाब 100 पीएसआय, म्हणजे चौ. सेंमी.ला सु. 7 किग्रॅ. असतो. 10 मिमी. व्यासाच्या सिलिंडरात त्यातून सु. 5.5 किग्रॅ. जोर मिळतो, दांड्याच्या बाजूने तो थोडा कमी भरतो. दट्ट्याची पिन खाचेतून सरकते आणि टोकाला खाच वळते, तेथे पाय कुलूपबंद होतो. त्यामुळे जमिनीचा धक्का दट्ट्यावर न येता चौकटीवर जातो. टाकीचा हिशेब मात्र बहुतेकजण अंदाजानेच करतात. टाकी 60 मिलि. आणि तिन्ही सिलिंडर मिळून 6 मिलि. धरले, तर चार हालचालींत (दोनदा वर, दोनदा खाली) दाब 7 वरून साडेचारच्या आसपास येतो. नळ्यांतली हवा धरली तर आणखी खाली.

दोन्ही बाजूंनी हवा देणारे आणि हवेने वर जाऊन स्प्रिंगने खाली येणारे, असे दोन प्रकार आहेत. पहिल्यात जोर जास्त, पण चाके वर असताना हवा गेली तर ती कुलपातच राहतात आणि विमान पोटावर उतरते. दुसऱ्यात हवा गेली की चाके आपोआप खाली येतात. फार जड चाके नसतील तर दुसरा प्रकार बरा.

चौकट हार्डवुडच्या पट्ट्यांवर, एपॉक्सीने पक्क्या केलेल्या प्लायवर बसवतात. पायाच्या दांड्यावर सेट-स्क्रूसाठी सपाट जागा घासून घेतात. ती नसली की पहिल्याच खडबडीत उतरणीला चाक वाकडे फिरते. दोन्ही चाकांची तोंडे एखादा अंश आत ठेवतात. नळी सरळ कापावी, मुरडू देऊ नये. व्हॉल्व्हचा सर्व्हो टोकाला गुणगुणत असेल तर त्याची हालचाल कमी करावी. चाके झटक्यात उघडत असतील तर नळीत हवा रोखणारा रिस्ट्रिक्टर घालतात.

गळती तपासताना चाके वर आणि खाली अशा दोन्ही स्थितींत दाब भरून रात्रभर ठेवावा. एकाच स्थितीत दाब उतरत असेल, तर त्या स्थितीत दाबाखाली असलेल्या रंगाची नळी व तिचे जोड पाहावेत. व्हॉल्व्हच्या निकासातून हवा येत असेल तर दट्ट्याची ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) संशयित. बाकी जोडांवर साबणाचे पाणी पुरते. सुटा सिलिंडर पंक्चरवाल्याच्या ट्यूबसारखा पाण्यात बुडवतात.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर ही कारखान्यांची वसाहत हाताशी असल्याने पिन, बुश, अ‍ॅक्सल लेथवर करून घेणे अवघड जात नाही. मात्र वर्कशॉपच्या कंप्रेसरमधून थेट हवा भरू नये. पावसाळ्यात तिच्याबरोबर पाणी येते, शिवाय तेलही, आणि ते टाकीत साचते. सायकलचा पंप हळू, पण बरा. काळ्या रानात लहान चाके रुततात, म्हणून मुरमाड माळ पसंत करावा. शहराच्या आग्नेयेस उजळाईवाडीला 1939 मध्ये सुरू झालेला छत्रपती राजाराम महाराज विमानतळ आहे. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किमी.च्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंतच हिरवे (परवानगीशिवाय उडवता येणारे) क्षेत्र असते. त्याहून जवळ उडवायचे तर परवानगी लागते.