शाळेत न जाणारं मूल दहावीला मुकत नाही

सकाळी अकराला लेकीला घेऊन भाजीला निघाले, की लिफ्टमध्ये प्रश्न ठरलेला: "आज शाळा नाही का गं?" ती "मी घरीच शिकते" म्हणाली, की लगेच सतराचा पाढा विचारतात. मग माझ्याकडे वळून, "अहो, पण दहावीचं काय?"

दहावी अडत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, १९८९ पासून आहे. १४ वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला तिथून दहावी देता येते. किमान ५ विषय, वर्षातून २ वेळा परीक्षा, मराठी माध्यमही आहे. शाळेचा दाखला नसेल, तर स्वयंघोषणापत्र चालतं. प्रमाणपत्राला सरकारी मान्यता आहे.

पाढा तिला येतो. पण लिफ्टमध्ये अशी परीक्षा सुरू झाली, की ती माझा हात घट्ट धरते.