क्रॉमफर्ड–हाय पीक रेल्वे: डर्बीशायरच्या पठारावर दोराने ओढलेल्या वाघिणी

डर्बीशायरमधल्या क्रॉमफर्डच्या कालव्यापासून व्हेली ब्रिजच्या कालव्यापर्यंत माल न्यायचा, तर मधले चुनखडीचे पठार ओलांडावे लागे. कालवाच पुढे नेणे शक्य नव्हते, कारण चुनखडीत पाणी टिकत नाही आणि जलपाशांना (कालव्यात बोटी वर-खाली करणाऱ्या दारबंद कप्प्यांना) लागणारे पाणी माथ्यावर मिळणे कठीण. म्हणून १८२५ साली ३३ मैलांच्या रेल्वेला मंजुरी मिळाली. १८३० ते १८३१ मध्ये ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली. लॅडमनलोजवळ तिची उंची समुद्रसपाटीपासून १,२६६ फूट होते.

मार्गावर नऊ चढ होते. तिथे वाघिणी दोराने ओढल्या जात. त्यांपैकी आठ चढ माथ्यावर जागीच बसवलेल्या वाफेच्या इंजिनांवर चालत, तर व्हेली ब्रिजचा घोडे गोल फिरून फिरवत त्या चरकावर. मधल्या सपाट पट्ट्यांत सुरुवातीला घोडेच वाघिणी ओढत.

रेल्वे सुरू झाली तीच कालबाह्य होऊन, धावत्या इंजिनांचा जमाना समोर दिसत असताना दोरांवर पैसा घातला, अशी टीका आजही होते. ती अन्यायाची आहे. मंजुरी मेमध्ये मिळाली, धावत्या इंजिनांसाठी गाजलेली स्टॉकटन–डार्लिंग्टन रेल्वे सुरू झाली त्याच वर्षी सप्टेंबरात, आणि तिच्याही पश्चिमेकडच्या टेकड्यांवर दोरच होते. मिडलटनसारखा सुमारे ८.५ फुटांना १ फुटाचा चढ त्या काळचे कोणतेही धावते इंजिन मालासकट चढले नसते. खरे दुखणे वळणांत होते. कालव्याच्या सवयीने मार्ग डोंगराच्या समोच्च रेषेला धरून आखला गेला, आणि गॉथमच्या वळणाची त्रिज्या जेमतेम ५५ यार्ड राहिली. चढावरचे यंत्र बदलता येते, हॉप्टनच्या चढावर तसे झालेही. पण असे वळण एकदा पडले की लांब चाकतळाचे (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेले) इंजिन तिथे कायमचे बाद. पुढची शंभरहून अधिक वर्षे इथे सहा चाकांची आखूड टाकी-इंजिनेच (पाणी स्वतःवरच वाहणारी इंजिने) टिकली, ती यामुळे.

मिडलटनच्या माथ्यावरचे दुहेरी तुळईचे इंजिन १८२९ चे. सुरुवातीला साखळ्या होत्या, पुढे पोलादी तारेचा अखंड दोर आला. काम समतोलावर चाले: एका रुळावरून उतरणाऱ्या वाघिणींचे वजन दुसऱ्या रुळावरच्या वाघिणी वर ओढायला मदत करी, उरलेला भार इंजिन उचली. वाघीण दोराला जोडायला साखळीचे शेपूट दोराभोवती गुंडाळून चामड्याच्या पट्ट्यांनी आवळत. गुंडाळी सैल राहिली की ताण येताच साखळी दोरावरून घसरे. क्रॉमफर्डकडचे खालचे दोन चढ १८५७ मध्ये जोडून शीप पाश्चरचा १,३२० यार्डांचा एकच चढ केला गेला. सांभाळायचे एक इंजिन कमी झाले, मात्र निसटलेल्या वाघिणीला वेग घ्यायला सलग उतार मिळाला. १८८८ मध्ये दोन वाघिणी सुटल्या आणि पायथ्याचे वळण न घेता कालवा व शेजारची मुख्य रेल्वे दोन्ही ओलांडून पलीकडे पडल्या. त्यानंतर पायथ्याजवळ दोन रुळांच्या मधोमध खोल खड्डा खणला. सांधेवाला वाघिणींचा वेग पाही आणि त्या आटोक्यात नसल्या तर खड्ड्याकडे वळवी. १९६५ मध्ये अशाच पडलेल्या एका वाघिणीचे अवशेष त्या खड्ड्यात अजून दिसतात.

हॉप्टनचा चढ १८७७ पासून धावत्या इंजिनांनी चढायला सुरुवात झाली. सर्वात कठीण भाग १४ फुटांना १ फूट. दोर आणि रुळांमधले दाते, दोन्हींशिवाय इतका तीव्र चढ देशात दुसऱ्या कुठल्याही रेल्वेवर चढला जात नव्हता. चालक सपाटीवरच वेग घेई, कारण चढावर चाके घसरली की गाडी मागे आणून वाघिणी कमी करून पुन्हा चढवावी लागे. पाण्याची अडचण मात्र शेवटपर्यंत सुटली नाही. जुन्या इंजिनांच्या पाण्याच्या गाड्या टाक्या म्हणून वापरून क्रॉमफर्डचे पाणी दोरानेच वर ओढावे लागे, म्हणजे माल नेणाऱ्या फेऱ्यांतला काही भाग पाण्यातच जाई.

शॉलक्रॉस ते लॅडमनलो हा उत्तरेचा तुकडा १८९२ मध्ये बंद झाला. पार्स्ली हे या ठिकाणाच्या उत्तरेचा भाग १८९० च्या दशकात बक्स्टन–अ‍ॅशबोर्न मार्गात सामावला गेला. व्हेली ब्रिजचा चढ १९५२ पर्यंत, मिडलटनचा १९६३ पर्यंत आणि शीप पाश्चरचा १९६७ पर्यंत चालला. मिडलटनचे इंजिन जपून ठेवले आहे. दक्षिणेकडचा १७ मैलांचा रूळमार्ग १९७१ नंतर पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी खुला झाला.