व्हिएन्ना की बुडापेस्ट? एका जुन्या ईर्ष्येची पार्श्वभूमी

मध्य युरोपची सहल करून आलेल्यांच्या घरी फोटो पाहायला बसलं की हा वाद हटकून निघतो: व्हिएन्ना जास्त सुंदर की बुडापेस्ट? माझं मत आधीच सांगून टाकतो: दिवसा व्हिएन्ना, दिवे लागल्यावर बुडापेस्ट. पण हा वाद काही पर्यटकांनी उकरून काढलेला नाही. बुडापेस्टचा आज दिसणारा बराचसा थाट व्हिएन्नाकडे बघत, तिच्या नाकावर टिच्चून उभा केलेला आहे.

दोन्ही शहरं डॅन्यूबच्या काठची. दोन्हीकडे रोमन छावण्या होत्या. इकडे विंडोबोना, तिकडे आक्विंकम. वाटा वेगळ्या झाल्या त्या सोळाव्या शतकात. उस्मानी (ऑटोमन तुर्की) फौजांनी १५२९ आणि १६८३ असा दोनदा व्हिएन्नाला वेढा घातला आणि दोन्ही वेळा त्यांना हात हलवत परतावं लागलं. बुडा मात्र १५४१ मध्ये त्यांच्या हाती गेलं, ते १६८६ पर्यंत. त्या दीडशे वर्षांची आठवण म्हणजे तिथली हमामं. रुदास नावाच्या हमामाच्या घुमटाखाली, अष्टकोनी हौदातल्या गरम पाण्यात लोक आजही गळ्यापर्यंत बुडून निवांत बसलेले असतात.

वेढ्यांच्या धास्तीने व्हिएन्ना भक्कम तटाच्या आत राहिली. तटाबाहेर तोफांच्या माऱ्यासाठी रुंद मैदान मोकळं ठेवलेलं. डिसेंबर १८५७ मध्ये सम्राट फ्रान्झ जोसेफने तट पाडायचा हुकूम दिला आणि राजधानीच्या ऐन मध्यावर एवढी मोठी मोकळी जमीन हाती आली. त्यातले भूखंड विकले, त्या पैशातून सार्वजनिक इमारती उठवल्या. जुन्या शहराला वळसा घालणारा हाच तो रिंगस्ट्रासे, म्हणजे रिंग रस्ता. १८६५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. इमारतीचं जसं काम, तसा तिचा पेहराव: संसद ग्रीक मंदिरासारखी, नगरभवन गॉथिक. ऑपेराच्या इमारतीवर लोकांनी इतकी टीका केली की तिच्या दोन वास्तुकारांपैकी एडुआर्ड व्हान डेर न्युलने १८६८ मध्ये आत्महत्या केली आणि काही आठवड्यांतच त्याचा जोडीदारही गेला. ऑपेरा उघडला तो १८६९ मध्ये. तेव्हापासून सम्राट कुठलीही नवी वास्तू पाहिली की ‘फार छान, आनंद झाला’ एवढंच बोलायचा, असं सांगतात.

या सगळ्यात नदी कुठे आहे? स्ट्राउस या संगीतकाराच्या वॉल्ट्झ नृत्यसंगीताने डॅन्यूब जगभर नेली खरी, पण व्हिएन्नाच्या मध्यभागात फिरताना ती दिसतच नाही. दिसतो तो तिचा एक कालवा. पुराचा त्रास संपवण्यासाठी १८७० ते १८७५ या काळात मुख्य प्रवाहाला नवं, सरळ पात्र खोदून दिलं, तेही शहराच्या गाभ्यापासून लांब. व्हिएन्नाचं तोंड राजवाड्याकडे, पाठ नदीकडे.

पलीकडे हंगेरीत नदी हीच मुख्य गोष्ट होती, आणि मुख्य अडचणही. बुडा डोंगरावर, पेस्ट समोरच्या सपाटीवर, मध्ये होड्यांचा पूल; आणि तोही हिवाळ्यात बर्फाच्या भीतीने काढून ठेवायचे. १८२० च्या डिसेंबरात काउंट इश्तवान सेचेनी वडिलांच्या अंत्यविधीसाठी निघाला होता. तो आठवडाभर पेस्टच्या काठावर अडकून पडला. कायमचा पूल बांधायचा ध्यास त्याने त्यानंतर घेतला, असं म्हणतात. आराखडा इंग्रज अभियंत्याचा, बांधकामावर देखरेख एका स्कॉटिश अभियंत्याची. नियम असा की पथकर सगळ्यांनी भरायचा, सरदार-उमरावांनीही. आजवर कर हा शब्द त्यांच्या गावीही नव्हता. मला पुलाच्या कमानींपेक्षा हा नियम जास्त देखणा वाटतो. साखळी पूल नोव्हेंबर १८४९ मध्ये खुला झाला, पण तोवर व्हिएन्नाच्या सत्तेविरुद्ध हंगेरीने केलेलं बंड व्हिएन्नाने रशियन फौजांच्या मदतीने चिरडलं होतं. सेचेनी व्हिएन्नाजवळच्या ड्योब्लिंगच्या मनोरुग्णालयात होता, आणि १८६० मध्ये तिथेच त्याने जीव दिला. बंडानंतर बुडाच्या बाजूला गेलेर्ट टेकडीवर ऑस्ट्रियाने किल्ला बांधला. शहरावर वचक ठेवायला.

मग पारडं फिरलं. प्रशिया या जर्मन राज्याकडून १८६६ मध्ये मार खाल्ल्यावर सम्राटाला हंगेरीशी जुळवून घेणं भाग पडलं. १८६७ च्या तडजोडीने एका साम्राज्याचे दोन भाग झाले आणि एकाच माणसाच्या दोन राजधान्या. व्हिएन्नात तो सम्राट, बुडात राजा. बंडातल्या सहभागाबद्दल ज्याला गैरहजेरीत फाशीची शिक्षा झाली होती, तो ग्युला आंद्राशी हंगेरीचा पंतप्रधान झाला.

१८७३ मध्ये बुडा, ओबुडा आणि पेस्ट एक होऊन बुडापेस्ट झालं आणि ईर्ष्येला ऊत आला. पैसा होता पिठाचा. हंगेरीच्या मैदानातला गहू इथे दळला जाई, आणि पीठगिरण्यांत जगात बुडापेस्टचा हात धरणारं शहर फक्त मिनियापोलिस. व्हिएन्नाला रिंग आहे, तर आपल्याला आंद्राशी मार्ग. त्यांचा ऑपेरा, तर आपलाही. आकाराने मात्र व्हिएन्नाच्यापेक्षा मोठा नको, अशी सम्राटाची अट होती म्हणतात. मोठा नाही, पण आतून जास्त नटवलेला झाला, हे कुणीही मान्य करेल. १८९६ मध्ये मग्यार (हंगेरियन) लोकांच्या आगमनाला हजार वर्षं झाल्याचा सोहळा झाला आणि त्याच मुहूर्तावर आंद्राशी मार्गाखालून भुयारी रेल्वे धावली. युरोपच्या मुख्य भूमीवर ती पहिलीच. व्हिएन्नाच्या आजच्या यू-बान या भुयारी रेल्वेला त्यानंतर ऐंशी वर्षं लागली.

संसदभवन १९०४ मध्ये पुरं झालं. घुमट ९६ मीटर, कारण मग्यार आले ते साल ८९६ मानलं जातं. ते बांधलं अगदी पाण्याला लागून. इमारत एक, पण दिसते दोन, दुसरी पाण्यात. तिचा वास्तुकार इम्रे श्टाइंडल शिकला मात्र व्हिएन्नात, ज्याने तिथलं गॉथिक नगरभवन बांधलं त्या फ्रीडरिख श्मिटच्या हाताखाली. चढाओढीतले धडेही प्रतिस्पर्ध्याच्याच शाळेतले!

पुढच्या शतकाने दोघींनाही भरडलं. साम्राज्य १९१८ मध्ये मोडलं. हंगेरीचा दोन-तृतीयांश मुलूख गेला आणि लहानशा देशाला भलीमोठी राजधानी उरली. ऑस्ट्रियाचीही तीच गत. व्हिएन्नाच्या नगरपालिकेने मग राजवाड्यांऐवजी कामगारांसाठी साठ हजारांवर घरं बांधली. जानेवारी १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने बुडापेस्टचे उरलेसुरले पूल उडवले. साखळी पूल पुन्हा उभा राहिला तो १९४९ मध्ये, पहिल्या उद्घाटनाला बरोबर शंभर वर्षं झाली त्या दिवशी. ऑस्ट्रिया १९५५ मध्ये परक्या फौजांपासून मोकळा झाला; त्यापुढच्याच वर्षी बुडापेस्टच्या रस्त्यांवर सोव्हिएत रणगाडे आले आणि हजारो लोक सीमा ओलांडून त्याच व्हिएन्नाच्या आसऱ्याला गेले.

हंगेरीत १९८८ मध्ये परदेशप्रवासावरचे निर्बंध उठले. तेव्हा बुडापेस्टची माणसं सर्वांत आधी कुठे गेली? व्हिएन्नाच्या मारियाहिल्फर रस्त्यावर. ऑपेरा बघायला नव्हे, डीप फ्रीझर घ्यायला. संध्याकाळी छोट्या गाड्यांच्या टपावर ते दोरांनी बांधून रांगच्या रांग पुन्हा सीमेकडे निघालेली असे.