कान फुटला म्हणजे काय झालं? वाहत्या कानाची आणि त्याच्या उपचारांची पार्श्वभूमी

खानदेशात मध्यकानाच्या, म्हणजे कानाच्या पडद्यामागच्या पोकळीच्या, बहुतेक दुखण्यांना एकच नाव आहे, कान फुटणं. दोन-तीन रात्री मूल कान धरून रडतं, मग एका पहाटे उशीवर पिवळसर डाग दिसतो आणि रडणं थांबतं. माझी आजी अशा वेळी निर्धास्त होऊन म्हणायची, "कान फुटना, आते बरं व्हई जाई."

तिने पाहिलेलं खोटं नव्हतं. पडद्यामागे पू साठला की पडदा ताणला जातो आणि कान ठणकतो. पडदा फाटून पू बाहेर आला की ताण सुटतो, ठणका जातो, तापही उतरतो. बऱ्याच मुलांचा पडदा पुढच्या काही आठवड्यांत आपला आपण भरून येतो. ज्यांचा भरत नाही, त्यांचा लांबणारा आजार मात्र तिथून सुरू होतो आणि तो दुखत नाही. वर्षानुवर्षं कान वाहत राहतो तो या न दुखण्यामुळेच, असं माझं ठाम मत आहे. कान वाहतोय म्हणजे घाण निघून जातेय, असं घरातली माणसं मानतात. पण एके काळी डॉक्टरही तसंच मानत.

आपल्याकडची जुनी नोंद सुश्रुतसंहितेत आहे. तिच्या उत्तरतंत्र या भागात कानाचे २८ रोग मोजले आहेत. कर्णशूल म्हणजे ठणका, कर्णनाद म्हणजे कानात आवाज होणं, पूतिकर्ण म्हणजे दुर्गंधी येणारा कान, आणि बाधिर्य म्हणजे बहिरेपणा. कर्णस्रावाची, म्हणजे कान वाहण्याची, कारणं तिथे तीन दिली आहेत: डोक्याला मार, पाण्यात बुडी आणि आत पिकलेली गाठ. तापी-गिरणेच्या काठी वाढलेल्या कुणालाही त्यातलं दुसरं लगेच पटेल. उन्हाळ्यात विहिरीत मुटके मारायचे आणि आठ दिवसांनी कानात कापसाचा बोळा घालून फिरायचं, हे आमच्या पिढीने खूप केलं. पण त्यात अर्धंच खरं आहे. पडदा धड असेल तर विहिरीचं पाणी मध्यकानात शिरूच शकत नाही. आधीच भोक असेल तर शिरतं, आणि बसलेला आजार पुन्हा उठतो.

आजार पहिल्यांदा येतो तो बहुतेक वेळा नाकाघशातून. नाकाच्या मागच्या भागापासून मध्यकानापर्यंत एक बारीक नळी जाते. १५६० च्या दशकात युस्ताकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने तिचं नीट वर्णन केलं, म्हणून ती युस्टेशियन नळी. लहान मुलात ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते, त्यामुळे सर्दीचे जंतू सहज वर सरकतात. मुलाला उताणं निजवून बाटलीने दूध पाजणं, घरात कोंडलेला चुलीचा धूर, दाटीवाटी, कुपोषण, महिन्याआड होणारी सर्दी, ही सगळी त्याला खतपाणी घालणारी कारणं. धडगाव-अक्कलकुव्याकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, ती सगळी एका छपराखाली भेटतात. अशा मुलाला नुसतं "पाण्यात जाऊ नको" म्हणून भागत नाही.

युरोपात एकोणिसाव्या शतकापर्यंत अडचण साधी होती, कानात आत दिसायचंच नाही. हॉफमन या जर्मन डॉक्टरने १८४१ मध्ये मधोमध भोक असलेला आरसा वापरला. १८५५ च्या सुमारास फॉन ट्रोल्च याने तो रूढ केला. उजेड आरशावरून कानात पाडायचा आणि भोकातून बघायचं. कान-नाक-घशाचे डॉक्टर कपाळावर गोल आरसा बांधत, तो हाच. त्यामुळे पडदा जिवंत माणसात दिसू लागला.

वाहता कान बंद करू नये, रोग आत जाईल, ही समजूत तेव्हाच्या युरोपीय डॉक्टरांतही पक्की होती. डब्लिनचे विल्यम वाइल्ड यांनी १८५३ च्या आपल्या ग्रंथात तिला विरोध केला. कान वाहतोय तोवर त्याचा शेवट कुठे होईल हे कुणालाच सांगता येत नाही, असं त्यांनी बजावलं. त्यांचा मुलगा म्हणजे लेखक ऑस्कर वाइल्ड. तो १९०० मध्ये पॅरिसमध्ये मेंदूच्या आवरणाच्या सुजेने गेला आणि तिचं मूळ कानात होतं असं अनेक डॉक्टर मानतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नव्हतो.

कानामागच्या हाडात पोखरलेल्या मधाच्या पोळ्यासारखे कप्पे असतात. पू तिथे पसरला तर हाड उघडावं लागतं. ही शस्त्रक्रिया अठराव्या शतकातच झाली होती, पण १७९१ मध्ये डेन्मार्कच्या राजवैद्यावर, फॉन बर्गरवर, ती नुसत्या बहिरेपणासाठी केली गेली आणि तो दगावला. त्यानंतर कित्येक दशकं तिला हात लावायला कुणी धजत नव्हतं. १८७३ मध्ये श्वार्ट्झे आणि आयझेल या जर्मन डॉक्टरांनी ती कधी करावी आणि कशी करावी हे नेमकं मांडलं, तेव्हा ती पुन्हा सुरू झाली.

पू पू म्हणून सगळा सारखा नसतो, हेही एकोणिसाव्या शतकात कळत गेलं. पडद्याच्या मधोमध भोक असेल तर स्राव भरपूर, चिकट, बिनवासाचा असतो आणि सर्दीबरोबर येतो-जातो. हा प्रकार त्यातल्या त्यात सौम्य. दुसऱ्यात स्राव थोडा, पण घाणेरड्या वासाचा, कधी रक्ताळलेला. तिथे पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातून त्वचा आत वाढते, पापुद्र्यांचा गोळा होतो आणि तो हाड खात जातो. त्याला म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये कोलेस्टीटोमा हे नाव दिलं. तोंड वाकडं होणं, चक्कर, डोकेदुखीसह ताप, कानामागे सूज, ही त्याची पुढची लक्षणं. असं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. वासाकडे घरच्यांचं लक्ष जात नाही. वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलांना मात्र तो आधी कळतो.

ऐकू किती येतं आणि दोष कुठे आहे, हे तपासायचं सर्वांत साधं साधन अजूनही एक चिमटा आहे, ट्यूनिंग फोर्क. रिने या जर्मन डॉक्टरांनी १८५५ मध्ये सांगितलेली चाचणी अशी: चिमटा वाजवून कानासमोर धरायचा, मग कानामागच्या हाडावर टेकवायचा. पडद्याला भोक असलेल्याला बहुधा हाडावरचा आवाज मोठा वाटतो. जळगावच्या जिनिंगमध्ये किंवा धुळ्यातल्या लूमवर यंत्रांच्या आवाजात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसात ऐकण्याची नस थकलेली असते, त्याला कानासमोरचा मोठा वाटतो. नेमकं माप ऑडिओमेट्रीत, म्हणजे यंत्रावरच्या ऐकण्याच्या तपासणीत, मिळतं आणि हाड किती खाल्लंय ते सीटी स्कॅनमध्ये.

१९३५ नंतर जंतूंवरची सल्फा औषधं आली, १९४० च्या दशकात पेनिसिलिन, आणि कानामागच्या हाडात पू होण्याचं प्रमाण झपाट्याने घटलं. पण त्याच दशकात क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसीन आलं आणि औषधानेच कानाची नस बिघडू शकते हे लक्षात आलं. कानात टाकायचे काही थेंबही याच कुळातले असतात. म्हणून घरात उरलेली बाटली फाटलेल्या पडद्याच्या कानात रिकामी करू नये. १९५० च्या दशकात जर्मनीत वुलस्टाइन आणि झोलनर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पडदा बसवण्याची पद्धत घडवली. आज ठिगळ बहुतेक वेळा कानाच्या वरच्या स्नायूवरच्या पातळ पडद्याचं घेतात. गालाच्या कातडीने कानाची फाटलेली पाळी जोडणाऱ्या सुश्रुताची इथे आठवण होतेच.

हे सगळं खानदेशात पोचायला वेळ लागला. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी रेल्वेने मुंबई गाठायची, ही कित्येक घरांची रीत होती. धुळ्याचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९८८ चं, जळगावचं २०१८ चं, नंदुरबारचं त्यानंतरचं. केंद्राचा बहिरेपणा प्रतिबंधाचा कार्यक्रम २००७ मध्ये प्रायोगिक म्हणून देशातल्या २५ जिल्ह्यांत सुरू झाला. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत मुलं तपासतात, त्यात वाहता कान आणि कमी ऐकू येणं दोन्ही येतं. जागतिक आरोग्य संघटनेने ४ टक्क्यांहून जास्त लोकांत जुनाट वाहत्या कानाचा आजार असलेल्या देशांत भारत धरला होता.

संघटनेच्या बालरोग मार्गदर्शनात एक सोपी रेघ आहे. १४ दिवस किंवा त्याहून जास्त कान वाहिला तर तो जुनाट समजायचा. स्वच्छ कापडाची वात करून दिवसातून तीनदा कान कोरडा करायचा, आणि डॉक्टरांनी दिलेले क्विनोलोन या जंतुनाशक गटातले थेंब दोन आठवडे घालायचे. लसणाचं कढत तेल, अंगावरचं दूध, गोमूत्र यातलं काही नको. ओल आणि तेल मिळालं की बुरशी धरते, कान खाजतो आणि आत भिजलेल्या वर्तमानपत्रासारखं काळं-पांढरं दिसतं. आंघोळीला कापसाचा बोळा व्हॅसलीन लावून घालावा.

माझ्या धाकट्या भावाचा डावा कान तिसरीत फुटला. आजीने तेल घातलं, एका दवाखान्यात थेंब दिले, आणि मोठा झाला की थांबेल असं सांगितलं. शाळेत तो मठ्ठ ठरला, कारण त्याची जागा खिडकीशी होती आणि डावा कान गुरुजींकडे. शस्त्रक्रिया झाली तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. ठिगळ छान बसलं, कान कोरडा झाला, आता तो विहिरीत उतरतो. पण आतल्या तीन हाडांपैकी मधलं, ऐरणीसारखं, पुवाने खाऊन टाकलं होतं. डाव्या बाजूने हाक मारली तर त्याला अजूनही दुसऱ्यांदा मारावी लागते.