टोमॅटोवरची अळी: घाटे अळी की स्पोडोप्टेरा?

टोमॅटोला भोक दिसलं की "अळी पडली" म्हणतात आणि दुकानदार देईल ते औषध मारतात. अळी नेमकी कोणती हे आधी बघायलाच हवं, कारण एकीवरचा उपाय दुसरीवर पुष्कळदा वायाच जातो.

रंगावर जाऊ नका. हरभऱ्यात घाटे पोखरणारी घाटे अळी, म्हणजे हेलिकोव्हर्पा, हिरवी असते, तपकिरी असते, कधी गुलाबीसरही असते. तिच्या दोन्ही बाजूंना फिकट पट्टे आणि अंगावर विरळ केस दिसतात. स्पोडोप्टेरा, म्हणजे तंबाखूची पाने खाणारी अळी, मऊ आणि गुळगुळीत असते. तिच्या पाठीवर काळ्या त्रिकोणी ठिपक्यांच्या जोड्या असतात.

पण खरा फरक अंड्यांपासूनच सुरू होतो. स्पोडोप्टेराची मादी शेकडो अंडी एकाच पुंजक्यात घालते आणि त्यावर आपल्या पोटाचे भुरकट केस पसरते. पिल्लं बाहेर आली की घोळक्याने पानाचा हिरवा भाग खरवडतात. पान कागदासारखं पांढुरकं, जाळीदार होतं. झाडावर असं एखादंच पान दिसतं तेव्हाच ते अळ्यांसकट तोडून साबणाच्या पाण्यात बुडवलं, तर अख्खी वीण संपते. हा दिवस चुकवू नये. मोठ्या झाल्या की त्या पांगतात, दिवसा मातीत दडतात, रात्री खातात आणि फळंही कुरतडतात. मग टॉर्च घेऊनच शोधाव्या लागतात.

घाटे अळीची मादी अंडी सुटी घालते, शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर, खसखशीपेक्षा बारीक. अळी डोकं फळात खुपसते, मागचं अंग बाहेर ठेवते आणि एक फळ सोडून दुसऱ्याला लागते. आत शिरल्यावर फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून फुलोऱ्यापासूनच नजर ठेवावी आणि भोक पडलेली फळं लगेच तोडावीत.

कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून पकडणाऱ्या सापळ्यात, घाटे अळीसाठी हेलील्युअर हे आमिष लागतं, दुसरीसाठी स्पोडोल्युअर. सापळा पीक, म्हणजे किडीला मुख्य पिकापासून आपल्याकडे ओढणारं पीक, तेही वेगळं: घाटे अळीसाठी झेंडू, स्पोडोप्टेरासाठी एरंडी. टोमॅटोच्या 16 ओळींमागे झेंडूची 1 ओळ लावायची शिफारस आहे. विषाणूजन्य औषध, एनपीव्ही, तर ज्या अळीचं तिच्यावरच चालतं. बाटलीवर घाटे अळीसाठी 'एचएएनपीव्ही' आणि स्पोडोप्टेरासाठी 'एसएलएनपीव्ही' लिहिलेलं असतं ते वाचा, अळ्या लहान असतानाच वापरा आणि संध्याकाळी फवारा, कारण उन्हात त्याचा जोर जातो.