पार्श्वभूमी: वऱ्हाडचा कापूस आणि दुसऱ्याच्या यादवीतले नामानिराळे हात

जलंबहून खामगावला जाणारा रेल्वेचा फाटा जेमतेम १३ किलोमीटरचा. १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. एवढ्याशा रुळांसाठी एवढा मोठा साहेब वऱ्हाडात उतरला तो खामगावच्या कापूस बाजारापायी, आणि त्या बाजाराला बरकत आली होती ती अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे.

आज चर्चा आहे ती सुदानच्या यादवीची. एप्रिल २०२३ पासून तिथलं लष्कर आणि आरएसएफ ही निमलष्करी फौज एकमेकांच्या जिवावर उठली आहेत. बाहेरून शस्त्रं कोण पुरवतं यावरून आरोप होतात, इन्कार होतात. आपल्याकडच्या गावच्या ग्रुपवरही सोयाबीनच्या भावाखाली तिथला एखादा व्हिडिओ येऊन पडतो, तारीख नाही, ठिकाण नाही. दुसऱ्याच्या घरच्या भांडणात काठी पुरवायची आणि विचारलं की आपण त्या गावचेच नाही म्हणायचं, ही रीत जुनी आहे. तिला जाब विचारण्याची पहिली मोठी खटपटही त्या कापसाच्या काळातलीच.

१८६० च्या सुमारास इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी साधारण चार पंचमांश माल अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या कष्टावर पिकून येत असे. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिणेत युद्ध पेटलं आणि उत्तरेच्या बाजूचा राष्ट्राध्यक्ष लिंकन याने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. दक्षिणेच्या पुढाऱ्यांना त्याची फारशी फिकीर नव्हती. कापूस मिळाला नाही की लँकेशायरच्या गिरण्या बसतील, मजूर रस्त्यावर येतील आणि इंग्लंड झक मारत आपल्या बाजूने मध्ये पडेल, असा त्यांचा हिशोब. पहिल्या वर्षी तर त्यांनी स्वतःहूनच माल रोखून धरला. गिरण्या बसल्या, मजुरांवर उपासमारही आली, पण १३ मे १८६१ ला जाहीर केलेली तटस्थता इंग्लंडने सोडली नाही, निदान कागदावर तरी. कापसासाठी त्याची नजर वळली ती मुंबईकडे आणि मुंबईच्या पाठीशी असलेल्या खानदेश-वऱ्हाडाकडे.

वऱ्हाड १८५३ मध्येच निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलं होतं. लिव्हरपूलला अमेरिकन कापसाचा भाव १८६० मध्ये पौंडाला सहा-सात पेन्स होता, तो १८६४ मध्ये सत्तावीसच्या आसपास गेला. रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर. तोवर बराचसा माल बैलगाड्यांनीच ओढला. ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी उभी राहिली. कापसात माती, सरकी, पाणी मिसळणं इतकं वाढलं की मुंबई सरकारने १८६३ मध्ये त्याविरुद्ध कायदाच केला. आज खरेदी केंद्रावर ओलाव्यावरून जी हुज्जत चालते, तिची वंशावळ तिथवर नेता येईल.

प्रचाराचा कारखाना मात्र लंडनमध्ये होता. दक्षिणेने तिथे हेन्री होट्झ नावाचा जेमतेम तिशीतलाही नसलेला माणूस पाठवला. मे १८६२ मध्ये त्याने 'द इंडेक्स' हे साप्ताहिक काढलं. त्याची खरी हुशारी पुढे आहे. अमेरिकन माणसांकडून अमेरिकन बाजू लिहून घेण्याऐवजी त्याने इंग्रज पत्रकारांनाच पैसे देऊन लिहितं केलं. हेच लोक इतर इंग्रजी पत्रांतही लिहीत, त्यामुळे दक्षिणेची बाजू इंग्रजांचंच मत म्हणून छापून येई. गुलामगिरीचा विषय शक्यतो बाजूला ठेवायचा आणि स्वातंत्र्य, मुक्त व्यापार यांवर भर द्यायचा. मार्च १८६३ मध्ये दक्षिणेने कापूस तारण ठेवून युरोपात कर्जरोखे विकले. त्यांचा भाव पडू लागला तेव्हा तिच्या हस्तकांनी उभारलेल्या पैशातूनच ते रोखे गुपचूप परत विकत घेतले, म्हणजे बाजाराला दक्षिण जिंकते आहे असं वाटावं. बाजारभाव हाच प्रचार.

उत्तरेची बाजूही गप्प बसली नव्हती. भुकेल्या लँकेशायरसाठी अमेरिकेतून धान्याचं जहाज आलं. इंग्लंडमधल्या सभांनी कसा ठराव करावा याचा मसुदा एप्रिल १८६३ मध्ये खुद्द लिंकनने लिहून पाठवला. पण याच काळात मँचेस्टरच्या कामगारांनी पोटाला चिमटा बसत असताना सभा घेऊन लिंकनला पाठिंब्याचं पत्र धाडलं, ते काही कोणी पैसे देऊन लिहून घेतलेलं वाटत नाही.

आता मुख्य प्रकरण. लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेडला लेअर्ड यांच्या गोदीत '२९०' एवढाच क्रमांक असलेलं एक जहाज बांधलं जात होतं. युद्ध करणाऱ्यासाठी लढाऊ जहाज सज्ज करून देण्यास १८१९ च्या ब्रिटिश कायद्याने मनाई होती. पळवाट अशी की सांगाडा इंग्लंडमध्ये बांधायचा आणि तोफा बाहेर चढवायच्या. लिव्हरपूलचा अमेरिकन वाणिज्य दूत थॉमस डडली याने माणसं पेरली, खलाशांची शपथपत्रं मिळवली आणि लंडनला पाठवली. सरकारने ती सल्ल्यासाठी आपल्या कायदेपंडिताकडे, सर जॉन हार्डिंगकडे दिली. हार्डिंगला नेमकं तेव्हाच वेड लागलेलं होतं आणि कागद त्याच्या घरी तसेच पडून राहिले. २९ जुलै १८६२ ला जहाज 'चाचणी फेरी'साठी निघालं. संशय येऊ नये म्हणून वर पाहुणे आणि बायाही होत्या. दिवस कलता त्यांना दुसऱ्या बोटीने परत पाठवलं आणि जहाज निघून गेलं. अझोर्स बेटांजवळ त्यावर तोफा चढल्या आणि त्याचं नाव झालं 'अलाबामा'.

पुढच्या दोन वर्षांत कॅप्टन सेम्सच्या या जहाजाने उत्तरेची साठच्या वर जहाजं पकडली किंवा जाळली. जानेवारी १८६४ मध्ये ते थेट मलबार किनाऱ्यावर आलं, एक अमेरिकन जहाज जाळलं आणि कैदी केरळातल्या अंजेंगोला उतरवले. जून १८६४ मध्ये फ्रान्सच्या शेरबुर्गसमोर ते बुडालं.

युद्ध संपल्यावर अमेरिकेने भरपाई मागितली. सिनेटर चार्ल्स समनरने हिशोब मांडला तो फक्त बुडालेल्या जहाजांचा नव्हता. ब्रिटनच्या वागण्यामुळे युद्ध लांबलं, त्याचा सगळा खर्चही त्याला धरायचा होता, आणि तो आकडा दोन अब्ज डॉलरांच्या घरात जाई. मे १८७१ मध्ये वॉशिंग्टनचा करार झाला आणि जिनिव्हाच्या नगरभवनात पाच पंच बसले: अमेरिका, ब्रिटन, इटली, स्वित्झर्लंड आणि ब्राझीलचा प्रत्येकी एक. अप्रत्यक्ष नुकसानीचे दावे त्यांनी आधीच बाजूला काढले. १४ सप्टेंबर १८७२ ला निकाल आला: ब्रिटनने १ कोटी ५५ लाख डॉलर सोन्यात द्यावेत. 'अलाबामा'ची जबाबदारी ब्रिटनचा पंच कॉकबर्न यानेही मान्य केली, पण निकालपत्रावर सही करायला तो तयार झाला नाही. पैसे मात्र ब्रिटनने चुकते केले.

त्या काळातल्या सर्वांत बलाढ्य साम्राज्याने परक्या यादवीतल्या आपल्या हलगर्जीपणाची किंमत मोजली, ही गोष्ट लहान नाही. ती शक्य झाली दोन कारणांनी. डडलीने कागद सांभाळले होते, आणि मागणारी अमेरिका युद्ध जिंकून बलवान झाली होती. नुसत्या कागदांवर कोणी दमडी सोडली असती असं मला वाटत नाही.

वऱ्हाड या हिशोबात प्रत्यक्ष नुकसानीतही नव्हतं आणि अप्रत्यक्षातही नव्हतं. दक्षिणेचा सेनापती ली याच्या शरणागतीनंतर भाव कोसळले. १ जुलै १८६५ ला मुंबईच्या शेअर बाजारातले वायद्याचे सौदे पुरे करायची वेळ आली आणि भल्याभल्या पेढ्या बुडाल्या. ती पडझड इतिहासात नोंदली गेली, कारण बुडणारे नावाजलेले होते. वावरातली पऱ्हाटी तशीच राहिली. सरकारला रेल्वे आणि बाजार चालवायचे होते, सारा वसूल करायचा होता, शेतकऱ्याला सावकाराचं देणं फेडायचं होतं, आणि दोन्हींना रोकड देणारं पीक कापूसच. १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० मध्ये दुष्काळ पडला तेव्हा रूळ होते, धान्याचा व्यापार होता, पण विकत घ्यायला हातात पैसा नसलेली माणसं या मुलखात मेली.

जिनिव्हाचा धडा पुढच्यांनी वेगळ्याच पद्धतीने गिरवला. १९३६ मध्ये स्पेनच्या यादवीसाठी लंडनमध्ये 'हस्तक्षेप न करण्याची' समिती स्थापन झाली. सत्तावीस देश तिच्यात होते, त्यांत बंडखोर सेनापती फ्रँकोला विमानं आणि सैन्य पुरवणारे जर्मनी आणि इटलीही. २६ एप्रिल १९३७ ला, सोमवारी, बाजाराच्या दिवशी, जर्मन-इटालियन विमानांनी गेर्निका हे बास्क गाव भाजून काढलं. फ्रँकोच्या कचेरीने सांगितलं की पळणाऱ्या लाल, म्हणजे डाव्या, लोकांनीच गाव पेटवलं. 'टाइम्स'चा बातमीदार जॉर्ज स्टीअर याने जर्मन शिक्का असलेले आगबॉम्ब स्वतः पाहिले आणि दोन दिवसांत बातमी छापली. तरी जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांनी आपल्या वैमानिकांचा दोष जाहीरपणे मान्य केला तो १९९७ मध्ये. न्यायालयात हे प्रकरण कधी उभंच राहिलं नाही.

निकाराग्वाचं राहिलं. तोही त्या काळी कापूस आणि कॉफी निर्यात करणारा देश. तिथल्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या कॉन्ट्रांना अमेरिका पैसा आणि शस्त्रं देत होती. १९८४ च्या सुरुवातीला निकाराग्वाच्या बंदरांत सुरुंग पेरले गेले, ते सीआयए या अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेने पेरवले होते. कॉन्ट्रांसाठी सीआयएने मानसशास्त्रीय कारवायांची एक पुस्तिकाही तयार केली होती, तिच्यात सरकारी माणसांना 'निष्प्रभ' करण्याचा सल्ला होता. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २७ जून १९८६ ला अमेरिकेला दोषी धरलं आणि त्या पुस्तिकेबद्दलही ठपका ठेवला. पण त्याच निकालात एक मेख होती. कॉन्ट्रांनी केलेल्या प्रत्येक अत्याचाराची जबाबदारी अमेरिकेवर टाकता येणार नाही, कारण त्या त्या कारवाईवर तिचं प्रत्यक्ष नियंत्रण असल्याचं सिद्ध झालेलं नाही. पैसा, शस्त्रं, प्रशिक्षण एवढ्याने भागत नाही. अमेरिका खटल्यातून आधीच बाहेर पडली होती, सुरक्षा परिषदेत तिने नकाराधिकार वापरला, आणि १९९१ मध्ये सरकार बदललेल्या निकाराग्वाने भरपाईचा दावा मागे घेतला. घरच्या आघाडीवर काय चाललं होतं तेही उघड झालं: १९८७ मध्ये अमेरिकेच्याच महालेखापालांनी म्हटलं की परराष्ट्र खात्यातल्या एका कार्यालयाने करदात्यांच्या पैशातून छुपा, बेकायदा प्रचार चालवला. त्यात इतरांच्या नावाने वर्तमानपत्रांत लेख छापून आणणंही होतं. होट्झला हे वाचून गंमत वाटली असती.

सुदानमध्ये हे सगळे धागे एकत्र येतात. तिथला गेझिरा हा निळ्या आणि पांढऱ्या नाईलमधला कापसाचा पट्टा इंग्रजांनी १९२५ मध्ये सेन्नार धरण बांधून उभा केला, तोही लँकेशायरसाठीच. डिसेंबर २०२३ मध्ये गेझिराचं मुख्य शहर वद मदनी आरएसएफच्या ताब्यात गेलं, वर्षभराने लष्कराने ते परत घेतलं. संयुक्त अरब अमिरातीकडून चाडमधल्या अमजरास विमानतळामार्गे आरएसएफला शस्त्रं जातात हे आरोप 'विश्वासार्ह' असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०२४ च्या सुरुवातीच्या अहवालात म्हटलं. अमिरातीचं म्हणणं असं की तिथे आमचं रुग्णालय आहे. लष्कराला इराणी ड्रोन मिळाल्याच्याही बातम्या आल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये दारफुरमधलं अल-फाशेर शहर आरएसएफच्या हाती पडलं तेव्हा हत्यांचे व्हिडिओ तिच्या माणसांनी स्वतःच चित्रित करून पसरवले. जरब बसवण्यासाठी केलेला प्रचार आणि पुरावा एकाच फाइलमध्ये.

मार्च २०२५ मध्ये सुदान अमिरातीविरुद्ध हेगला गेला, वंशसंहारविरोधी कराराच्या आधारे. शस्त्रं कोणी दिली हा प्रश्न तिथे तपासलाच गेला नाही. २००५ मध्ये करारात येताना अमिरातीने कलम ९ ला, म्हणजे न्यायालयाला अधिकार देणाऱ्या कलमाला, हरकत नोंदवून ठेवली होती. ५ मे २०२५ ला न्यायालयाने तेवढ्यावरच ९ विरुद्ध ७ मतांनी प्रकरण यादीतून काढून टाकलं. अशी हरकत नोंदवणारी अमिरात एकटी नाही. भारतानेही १९५९ मध्ये हा करार मान्य करताना त्याच कलमाला अट घातलेली आहे: वादातल्या सर्व पक्षांची संमती असल्याशिवाय त्याखालचा भारताचा कोणताही वाद त्या न्यायालयात जाऊ शकत नाही.