सौर इन्व्हर्टरचे एरर कोड

सौर इन्व्हर्टरचे एरर कोड : छतावरच्या सौर पॅनेलमधून येणाऱ्या डीसी विजेचे घरात चालणाऱ्या एसी विजेत रूपांतर करणारे यंत्र म्हणजे इन्व्हर्टर. मोजलेल्या एखाद्या राशीने ठरलेली मर्यादा ओलांडली, की हे यंत्र आपण होऊन निर्मिती थांबवते. त्याचे कारण ते पडद्यावर किंवा मोबाइल ॲपमध्ये एखादा आकडा वा त्रोटक संज्ञा दाखवून कळवते. हाच एरर कोड. इन्व्हर्टरला आपल्या टर्मिनलवर काय मोजता आले, एवढेच तो सांगतो. नेमके काय बिघडले ते त्यातून कळेलच असे नाही. घरगुती संचांत दिसणाऱ्या बहुतेक कोडचे मूळ इन्व्हर्टरच्या पेटीबाहेर असते : डीपीवर, म्हणजे गल्लीतल्या रोहित्रावर, मीटरपर्यंतच्या वायरीत, अर्थिंगमध्ये किंवा पॅनेलखाली पावसात भिजणाऱ्या एखाद्या कनेक्टरमध्ये. त्यामुळे कोड दिसताच ‘इन्व्हर्टर गेला’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

आकड्यांबाबत कंपन्यांत एकवाक्यता नाही. लाईन नाही हे सांगायला ग्रोवॅट ३०२ दाखवतो, फ्रोनियस १०७, सनग्रो ०१०, तर सोलिसवर थेट ‘नो-ग्रिड’ अशी अक्षरे येतात. इन्सुलेशन, म्हणजे पॅनेलच्या तारांतली वीज जमिनीत गळू न देणारा आडोसा, कमी झाले तर ग्रोवॅटवर २०३, एसएमएवर ३५०१, फ्रोनियसवर ४७५ आणि सोलिसवर ‘पीव्ही आयएसओ-प्रो’. शेजाऱ्याच्या इन्व्हर्टरवरच्या आकड्याचा अर्थ आपल्याला लागू पडतोच असे नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही तो बदलू शकतो. मात्र आकड्यांमागची कारणे मोजकी आहेत आणि ती सर्व कंपन्यांत सारखी आहेत. म्हणून कोडचा आकडा पाहावा, पण तो कधी येतो याची वेळ अधिक बारकाईने पाहावी. भर दुपारी येणारा, पहाटे येऊन नऊ वाजता जाणारा आणि पहिल्या पावसानंतर मुक्काम ठोकणारा, हे तीन वेगळे आजार आहेत.

मर्यादा कोण ठरवते

ज्या सीमा ओलांडल्यावर कोड येतो त्यांतल्या लाईनशी संबंधित सीमा त्या त्या देशाच्या नियमांतून येतात. भारतात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या विनियमांनुसार लाईनचे व्होल्टेज मूळ मूल्याच्या ८० ते ११० टक्क्यांबाहेर गेले, की संचाने २ सेकंदांच्या आत सुटे व्हायचे असते. घरगुती २३० व्होल्टच्या हिशेबाने ही मर्यादा १८४ ते २५३ व्होल्ट. वारंवारितेसाठी, म्हणजे एसी वीज सेकंदाला किती वेळा हेलकावते त्यासाठी, ४७.५ आणि ५०.५ हर्ट्झ या सीमा आहेत. लाईन परत आल्यावर ती किमान ६० सेकंद स्थिर राहिल्याशिवाय पुन्हा जोडून घ्यायचे नाही, असाही दंडक आहे. वीज आल्याबरोबर इन्व्हर्टर सुरू होत नाही, उलटी मोजणी दाखवत बसतो, तो यामुळे.

इन्व्हर्टर बसवताना तंत्रज्ञ मेनूमध्ये देश निवडतो. तिथे चुकीचा देश राहिला तर सुस्थितीतल्या लाईनवरही कोड येत राहतात. अशा सीमा सर्वांसाठी सारख्या ठेवण्यातही धोका असतो. जर्मनीत एके काळी ५०.२ हर्ट्झला सगळी सौरयंत्रे एकदम बंद होतील अशी रचना होती. पुढे सौरवीज इतकी वाढली, की ती एकाच क्षणी बंद पडली तर सगळी ग्रिडच डळमळेल हे ध्यानात आले आणि २०१२ पासून कायदा करून जुन्या इन्व्हर्टरांची सेटिंग बदलून घ्यावी लागली.

लाईन गेल्याचा कोड

‘लोडशेडिंगमध्ये आमचे सोलर का चालत नाही?’ नवीन संच बसवलेल्या घरांतून येणारी ही पहिली तक्रार. बॅटरी नसलेला, ग्रिडशी जोडलेला इन्व्हर्टर लाईन गेली की मुद्दाम बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला वाटते लाईन मेलेली आहे, आणि तिकडून कुणाच्या तरी छतावरची वीज तारेत घुसते, असे होऊ नये म्हणून ही सोय आहे. तिची चाचणी आयएस १६१६९ या भारतीय मानकाप्रमाणे होते. तेव्हा वीज गेलेली असताना दिसणारा ३०२ वा १०७ हा दोष नव्हे.

सगळ्या गल्लीत वीज आहे आणि तरी हा कोड आहे, तेव्हा मात्र एसीडीबी, म्हणजे इन्व्हर्टर आणि मीटर यांच्यामधली पेटी, पाहावी. एमसीबी, म्हणजे प्रवाह वाढला की आपोआप पडणारा स्विच, पडलेली असते, सर्ज अरेस्टरची (व्होल्टेजचा अचानक लोट अडवणाऱ्या उपकरणाची) खिडकी हिरव्याची लाल झालेली असते, किंवा न्यूट्रलचा स्क्रू ढिला राहून लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची टोपी, जळालेली असते. थ्री-फेज घरात न्यूट्रल तुटला तर एका फेजवर ३०० च्या वर व्होल्टेज जाऊ शकते. दिवे लखलखू लागले, पंख्यांचा आवाज बदलला आणि त्याच वेळी इन्व्हर्टरने जादा व्होल्टेजचा कोड दिला, तर कोड वाचत न बसता घराचा मेन स्विच आधी बंद करावा.

वारंवारितेच्या कोडची (ग्रोवॅटवर ३०४, फ्रोनियसवर १०५ व १०६) कहाणी छोटी आहे. देशाची ग्रिड ५० हर्ट्झच्या अगदी आसपास राखलेली असते. घरात हा कोड वरचेवर येत असेल तर बहुधा सोसायटीचा जनरेटर चालू झालेला असतो. कमी लोडवर जनरेटरचा वेग वाढतो आणि वारंवारिता सहज ५१ च्या वर जाते. अशा सोसायटीत जनरेटर चालू असताना सौर संच बाजूला राहील अशी जोडणी करून घ्यावी.

दुपारचे चढलेले व्होल्टेज

महाराष्ट्रात सर्वाधिक गोंधळ याच कोडने होतो. ग्रोवॅटवर ३००, फ्रोनियसवर १०२, सनग्रोवर ००२, सोलिसवर ‘ओव्ही-जी-व्ही’, एसएमएवर ३०१. सकाळी संच छान चालतो, अकरानंतर बंद पडतो, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा लागतो, पुन्हा पडतो. रविवारी आणि सुटीच्या दिवशी हा खेळ वाढतो. ढग आले की थांबतो.

कारण समजण्यासाठी डीपीपासून सुरुवात करावी लागते. आपल्याकडच्या वितरण रोहित्राचे गुणोत्तर ११,००० ला ४३३ व्होल्ट असे असते. ४३३ ही दोन फेजमधली संख्या. एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात तिचे २५० होतात. म्हणजे लोड नसताना डीपीच्या बुडाशीच २५० व्होल्ट आणि नियमाची सीमा २५३. ही रचना त्या काळची आहे, जेव्हा वीज फक्त डीपीकडून घराकडे वाहत असे आणि वाटेत व्होल्टेज पडणार हे गृहीत धरून सुरुवातच चढी ठेवली जाई. आता दुपारी वीज उलट वाहते. प्रवाह बाहेर ढकलायचा तर इन्व्हर्टरला आपले व्होल्टेज लाईनपेक्षा वर न्यावे लागते, आणि मधली वायर जितकी बारीक व लांब तितके ते अधिक वर न्यावे लागते.

हिशेब सोपा आहे. ५ किलोवॅटचा सिंगल-फेज संच भर उन्हात सुमारे २२ अँपिअर देतो. इन्व्हर्टर गच्चीवर आणि मीटर तळमजल्यावर, मधे ४ चौरस एमएम तांब्याची ४० मीटर वायर, म्हणजे जाऊन-येऊन ८० मीटर. एवढ्या वायरीत सुमारे ८ व्होल्ट चढतात. त्याच जागी १० चौरस एमएम वायर असेल तर ३ व्होल्ट. लाईन २४८ वर असेल, तर पहिला संच २५६ ला जाऊन पडतो आणि दुसरा २५१ वर दिवसभर चालतो. वायरीत वाचवलेले पैसे असे उन्हाळ्याच्या दुपारी वसूल होतात.

दोष घरातला की डीपीचा, हे ओळखायला साधा मल्टीमीटर आणि एक वायरमन पुरतो. दुपारी बारा-एकच्या सुमारास संच बंद ठेवून मीटरपाशी व्होल्टेज मोजायचे. मग संच चालू करून मीटरपाशी आणि इन्व्हर्टरपाशी, दोन्हीकडे मोजायचे. मीटरपाशी फारसा फरक नाही पण इन्व्हर्टरपाशी व्होल्टेज बरेच जास्त आहे, तर वायर किंवा तिचे जोड आपलेच वाईट आहेत. संच बंद असतानाही मीटरवर २५० दिसत असेल, तर तक्रार महावितरणकडे, १९१२ या क्रमांकावर. ज्या डीपीला टॅप, म्हणजे रोहित्राचे गुणोत्तर ठरवणारी जोडणी, बदलायची सोय असते तिथे टॅप खाली घेऊन व्होल्टेज उतरवता येते. एकाच फेजवर गल्लीतले सगळे सौर संच चढले असतील तर ते तिन्ही फेजवर वाटून देता येतात. अर्जासोबत ॲपमधला दिवसभराचा व्होल्टेजचा आलेख जोडला तर बोलणे लवकर संपते.

काही तंत्रज्ञ यावर तिसरा मार्ग काढतात. मेनूत शिरून सीमाच वर सरकवतात. कोड गायब होतो, ग्राहक खूश होतो, आणि घरातला फ्रिज, पंखे, एलईडी दिवे २६० व्होल्ट खात राहतात. वीज कंपनीच्या परवानगीशिवाय हे करू नये. परवानगी मिळाली तरी वायर बदलणे हाच आधीचा उपाय.

उलट बाजूचा, कमी व्होल्टेजचा कोड (फ्रोनियसवर १०३) लांबच्या खेडेगावांतल्या फीडरच्या टोकाला दिसतो, शेतीपंप एकदम चालू झाले की. तिथे गृहस्थाच्या हाती फारसे काही नसते.

पहाट, दव आणि पाऊस

निर्मिती सुरू करण्याआधी इन्व्हर्टर रोज सकाळी पॅनेलच्या तारा आणि अर्थ यांच्यातला रोध मोजतो. तो कमी भरला तर इन्सुलेशनचा कोड येतो. आयईसी ६२१०९-२ या मानकाचा किमान निकष असा : संचाचे कमाल व्होल्टेज भागिले ३० मिलिअँपिअर. ६०० व्होल्टच्या संचाला २० किलोओहम. चालू असताना गळती वाढली तर वेगळा कोड येतो, ग्रोवॅटवर २०१, एसएमएवर ३६०१. त्याची सीमा घरगुती यंत्रांत सतत गळतीसाठी ३०० मिलिअँपिअर आहे, पण गळती एकदम ३० मिलिअँपिअरने उसळली तरी यंत्राने ०.३ सेकंदांत सुटे व्हायचे असते.

दवाच्या दिवसांत सकाळी कोड यावा आणि ऊन तापल्यावर जावा, हे कनेक्टरमध्ये ओल शिरल्याचे लक्षण. तारा पॅनेलखाली बांधून न घेता स्लॅबवर लोळत सोडलेल्या असतात, पाणी तुंबते, आणि नीट न दाबलेल्या कनेक्टरमध्ये ते ओढले जाते. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसवण्याची खोड याच्या मुळाशी अनेकदा सापडते. ते बसतात, पण पाणी अडवत नाहीत. कोकणात यात खाऱ्या हवेची आणि माकडांची भर पडते, इतरत्र उंदीर आणि खारी वायर कुरतडतात. जीआय स्ट्रक्चरच्या, म्हणजे पॅनेल पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्याच्या, धारदार कडेवर घासून सोललेली वायर पावसाळ्यापर्यंत काही बोलत नाही.

दोष कुठल्या पॅनेलपाशी आहे हे शोधण्याची एक सुंदर युक्ती आहे. ती मात्र प्रशिक्षित माणसानेच, योग्य दर्जाचा मीटर आणि हातमोजे घेऊन करावी. इन्व्हर्टरपासून स्ट्रिंग, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनेलांची माळ, सुटी केल्यावर प्लस ते अर्थ आणि मायनस ते अर्थ असे व्होल्टेज मोजायचे. स्ट्रिंग निरोगी असेल तर आकडा तरंगत शून्याकडे घसरतो. दोष असेल तर तो टिकून राहतो आणि जागाही सांगतो. समजा ४० व्होल्टचे १० पॅनेल आहेत, एकूण ४०० व्होल्ट. प्लसकडे १२० आणि मायनसकडे २८० भरले, तर प्लसकडून तीन पॅनेल मोजायचे. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधल्या जोडाकडे पाहायचे.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. ऊन असेपर्यंत पॅनेल बंद होत नाहीत. डीसी स्विच खाली ओढला तरी छतावरच्या तारांत तेच ४०० व्होल्ट असतात, आणि डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. प्रवाह चालू असताना कनेक्टर उपटू नये. इन्सुलेशनचा कोड असताना स्ट्रक्चरला उघड्या हाताने शिवू नये. नव्या यंत्रांत येणारा आर्क फॉल्टचा कोड तर पुन्हा पुन्हा रीसेट करून घालवण्यासारखा नाहीच. तो कुठेतरी ढिल्या जोडात आग धरू पाहत असल्याचा इशारा असतो.

अर्थिंगचा स्वतंत्र कोडही असतो. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले व्होल्टेज ३० च्या वर गेले की ग्रोवॅटची काही यंत्रे ३०३ दाखवतात. आपल्याकडे एसी, डीसी आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक यांसाठी तीन वेगळे अर्थपिट (अर्थिंगचे खड्डे) घेण्याची पद्धत आहे. जांभ्याच्या किंवा कातळाच्या जमिनीत ते उन्हाळ्यात कोरडे पडतात आणि कोड मे महिन्यात उगवतो. पिटमध्ये पाणी ओतल्यावर कोड गेला, तर निदान झाले असे समजावे.

उष्णता, थंडी आणि बॅटरी

चंद्रपूर-नागपूरकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली, पश्चिमेच्या भिंतीवर टांगलेला इन्व्हर्टर आधी क्षमता उतरवतो आणि तेही पुरले नाही तर तापमानाचा कोड देतो. क्षमता उतरवणे हा दोष नाही. यंत्र स्वतःला वाचवत असते. सावली, भोवती मोकळी जागा आणि पंख्याची जाळी साफ करणे एवढ्याने काम भागते.

डीसी व्होल्टेज जास्त (ग्रोवॅटवर २०२, एसएमएवर ३४०१) हा कोड थंडीतल्या सकाळचा. पॅनेल गार असताना त्याचे व्होल्टेज चढते, दर अंशाला साधारण ०.३ टक्के. निफाडच्या कडाक्यात हे समजू शकते. रत्नागिरीत हा कोड आला तर स्ट्रिंगमध्ये पॅनेलच जास्त जोडले आहेत. असा संच चालू ठेवू नये, कारण जादा डीसी व्होल्टेजने इन्व्हर्टर कायमचा निकामी होऊ शकतो.

बॅटरीवाल्या यंत्रांची भाषा निराळी. तैवानच्या व्होल्ट्रॉनिक कंपनीच्या घडणीची यंत्रे निरनिराळ्या नावांनी विकली जातात आणि त्यांचे दोन अंकी कोड सगळीकडे जवळपास तेच असतात : ०२ तापमान, ०३ बॅटरीचे व्होल्टेज जास्त, ०४ कमी, ०५ आउटपुट शॉर्ट, ०७ ओव्हरलोड. ०४ रोज रात्री येत असेल तर बॅटरीचे वय आणि टर्मिनलवरची बुरशी पाहावी. ०७ असेल तर गिझर किंवा पंप कुणी लावला ते घरात विचारावे.

काय करावे, कुणाला बोलवावे

रात्री पडदा विझणे, पहाटे ‘वेटिंग’ दिसणे, वाय-फाय स्टिकचा दिवा लुकलुकणे आणि ॲपने ‘ऑफलाइन’ म्हणणे, यांपैकी काहीही बिघाड नव्हे. राउटरचा पासवर्ड बदलला तरी वीज बनतच राहते.

खरा कोड आला तर त्याचा वेळेसह फोटो काढावा, कारण रीसेट केल्यावर पडदा कोरा होतो आणि तंत्रज्ञाला दाखवायला काही उरत नाही. मग एसी स्विच आधी, डीसी नंतर, असे बंद करून पाच मिनिटे थांबावे. आतल्या कपॅसिटरना रिते व्हायला तेवढा वेळ लागतो. पुन्हा मॅन्युअलमधल्या क्रमाने चालू करावे. हे एकदाच करावे. तोच कोड परत आला तर पेटी उघडू नये : सील तुटले की वॉरंटीवर वाद सुरू होतो. रिलेची, म्हणजे यंत्राला लाईनपासून तोडणाऱ्या आतल्या स्विचची, तपासणी फसल्याचे आणि आतल्या सर्किटचे कोड सेवा केंद्राशिवाय सुटत नाहीत. प्रधानमंत्री सूर्यघर मुफ्त बिजली योजनेतून, म्हणजे २०२४ पासून अनुदानावर बसवलेल्या संचाची पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याच्या करारातच असते. म्हणून पहिला फोन त्यालाच करावा, आणि तक्रार लेखी नोंदवून तिचा क्रमांक मागून घ्यावा.